भाला वरून ओळखू येतो का? स्ट्रॅटेजी गेमचं आर्टबुक करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीला

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "कोल्हापुरात उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'एज ऑफ एम्पायर्स' आणि 'टोटल वॉर' शाळेपासून खेळते. पदवीच्या प्रकल्पासाठी मराठेशाहीवरच्या एका काल्पनिक स्ट्रॅटेजी गेमचं आर्टबुक करायचं ठरवलंय. कोणती आर्टबुकं बघू, संदर्भ कुठून घेऊ, पुस्तकात नेमकं काय घालू? सहा मोठी युद्धचित्रं झाली आहेत, पण सर म्हणतात, हे आर्टबुक वाटत नाही, कॅलेंडर वाटतं."

तुमच्या सरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. मी सोळा वर्षं गेमसाठी कॉन्सेप्ट आर्ट करते आहे, त्यातलं बरंचसं काम ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेमचं. नवीन मुलांचे पोर्टफोलिओ तपासायला येतात तेव्हा सगळ्यात जास्त हेच दिसतं: मावळतीचं आकाश, उडालेली धूळ, पुढच्या पायांवर उसळलेला घोडा. चित्र चांगलं असतं. पण ते बघून मॉडेल करणाऱ्याला खोगीर कुठे आवळलं आहे ते कळत नाही, आणि हा स्वार भालाईत आहे की बंदूकवाला, हे खेळणाऱ्याला वरून ओळखता येईल का, तेही कळत नाही. कॉन्सेप्ट आर्ट म्हणजे पुढच्या माणसाच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर. आर्टबुक म्हणजे अशा उत्तरांची वही, आणि तिच्यात खोडलेली उत्तरंही असावी लागतात.

स्ट्रॅटेजी गेममध्ये कॅमेरा वर असतो, एवढी एक गोष्ट आधी पक्की धरा. बाकी सगळं तिच्यातून निघतं. १९९९ साली आलेल्या 'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये त्रिमितीय मॉडेल बनवून त्यांची छोटी सपाट चित्रं काढली जात आणि तीच नकाशावर हलत. पडद्यावरचा स्वार जेमतेम काही डझन ठिपके (पिक्सेल) उंचीचा. एवढ्याशा जागेत चेहरा उरत नाही, जरीची किनार उरत नाही, मिशीचा पीळ तर नाहीच नाही. उरतात तीन गोष्टी: डोक्यावरचा आकार, हातातल्या शस्त्राची रेषा, आणि खाली काय आहे, म्हणजे घोडा, हत्ती, उंट की नुसते पाय. खेळणारा अर्ध्या सेकंदात बघतो आणि निर्णय घेतो. त्या अर्ध्या सेकंदासाठी आपण आठवडे घालवतो.

म्हणून माझ्या टेबलावरचा नियम साधा आहे. आकृती झाली की ती चाळीस ठिपके उंचीची करायची, गवताच्या हिरव्यावर आणि मातीच्या तपकिरीवर ठेवायची, आणि ज्याने ती आधी पाहिलेली नाही अशा माणसाला विचारायचं, हा कोण? उत्तर चुकलं तर चित्र कितीही सुंदर असो, परत पहिल्यापासून. तुमच्या सहा चित्रांतला प्रत्येक मुख्य स्वार आज रात्री असा लहान करून बघा.

आता प्रसिद्ध गेम या नजरेने परत बघा. 'एज ऑफ एम्पायर्स ४' २०२१ मध्ये आला तेव्हा हत्यारं आणि बाण प्रमाणापेक्षा मोठे आहेत अशी बऱ्याच जणांची तक्रार होती. तक्रार खरी आहे, पण मोठं करण्यामागचं कारणही खरं आहे: भाल्याची जाडी खऱ्या मापात ठेवली तर त्या उंचीवरून तो केसासारखा दिसतो आणि नाहीसा होतो. 'सिव्हिलायझेशन ६' (२०१६) मध्ये शहराचा प्रत्येक विभाग रंगाने वेगळा केला आहे. विद्यापीठाचा विभाग निळा, तो नकाशाच्या कुठल्याही कोपऱ्यात असला तरी डोळा तिथे जातो. आणि अजून न पाहिलेला प्रदेश त्यात जुन्या नकाशाच्या पिवळट कागदासारखा दिसतो. खेळणाऱ्याला माहीत नसलेली जमीन कशी दाखवायची, हा निव्वळ यांत्रिक प्रश्न होता. त्याचं उत्तर चित्रकारांनी दर्यावर्दींच्या नकाशांतून काढलं. असं उत्तर कुठल्याही आर्टबुकात सापडलं की मी त्या पानावर बराच वेळ थांबते.

कोणती आर्टबुकं बघावीत, याचं उत्तर लहान आहे. 'टोटल वॉर' मालिकेवर टायटन बुक्सने काढलेलं मोठं आर्टबुक मिळालं तर जरूर बघा. खास आवृत्त्यांसोबत येणाऱ्या छोट्या पुस्तिका आणि डिजिटल आर्टबुकंही बघा, मात्र त्यातली निम्मी-अधिक पानं गेमच्या जाहिरातीसाठी, खोक्यावर छापण्यासाठी रंगवलेली असतात, हे ध्यानात ठेवा. ती पानं उलटा आणि बारा शिरस्त्राणं एका ओळीत काढलेलं पान शोधा. एकाच इमारतीच्या आठ काळ्या सावल्या, म्हणजे आतला तपशील नसलेल्या नुसत्या बाह्याकृती, असलेलं पान शोधा. कापडाच्या तुकड्याकडे बाण काढून 'इथे चामडं, इथे सुती' असं लिहिलेलं पान शोधा. तुम्हाला शिकायचं ते तिथे आहे.

पैसे खर्च न करता बघायचं असेल तर 'झीरो ए.डी.' हा मुक्तस्रोत गेम उतरवून घ्या. वाइल्डफायर गेम्स नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने तो बनवला आहे आणि त्याची चित्रं, मॉडेलं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली आहेत. त्यात मौर्य आहेत. मौर्यांची लाकडी घरं, वाडे आज एकही उभे नाहीत. मग इमारती कशावरून बनवायच्या? आपल्याकडच्या कुणालाही हे उत्तर पायी जाऊन बघता येतं. भाजे आणि कार्ले इथल्या चैत्यगृहांत दगड कोरणाऱ्यांनी लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल केली आहे. भाज्याच्या चैत्यगृहातले खांब आत कललेले आहेत. दगडाला तसं कलण्याची काही गरज नाही, लाकडी सांगाड्याला मात्र आहे. छताच्या काही लाकडी कमानी तर दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. दगडातून हरवलेलं लाकूड वाचायचं, ही ऐतिहासिक कॉन्सेप्ट आर्टिस्टची सगळ्यात मोलाची सवय. त्याच भाज्याच्या एका विहाराच्या ओसरीत हत्तीवर बसलेला एक पुरुष आणि रथातला एक देव कोरला आहे. हत्तीवरची बैठक आणि रथाची घडण तिथे जेवढी कळते, तेवढी कुठल्याही तयार चित्रसंग्रहात कळणार नाही.

भाज्याला उतरायचं स्टेशन मळवली. याच मळवलीला १८९९ च्या सुमारास राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून हलवला गेला. देवादिकांची आणि पुराणकथांची जी शिळाछाप चित्रं घराघरांत गेली, त्यांतली कितीतरी इथून गेली. डोंगरावर समकालीन पुरावा आणि पायथ्याशी नंतरच्या शतकाची कल्पना, असे दोन शेजारी तिथे एका हाकेच्या अंतरावर आहेत. माझं रविवर्म्यावर प्रेम आहे, त्याची रेषा बघत मी वाढले. पण तुमच्या सहा चित्रांना सर 'कॅलेंडर' म्हणतात त्याचं मूळ इथे आहे. आपल्या डोळ्यांत मराठेशाही बसलेली आहे ती छापील चित्रांतून, शालेय पुस्तकांतून आणि चित्रपटांतून. ती चित्रं शैलीसाठी घ्यायला हरकत नाही. पुरावा म्हणून घेतलीत की फसलात.

हा फरक मोठे स्टुडिओही सांभाळतात. 'टोटल वॉर: शोगुन २' (२०११) च्या पडद्यांवर, पथकांच्या पत्त्यांवर (प्रत्येक पथकासाठी पडद्यावर दिसणाऱ्या छोट्या कार्डांवर) जपानी लाकूडठशांच्या चित्रांची शैली आहे. गेम सोळाव्या शतकातल्या यादवीचा. ठशांची ती कला बहरली त्यानंतरच्या एदो काळात. म्हणजे पडदा कसा दिसावा हे एका शतकाकडून घेतलं आणि योद्ध्याच्या अंगावर काय असावं हे दुसऱ्याकडून. 'रोम २' मध्ये पथकांचे पत्ते ग्रीक मृत्पात्रांवरच्या चित्रांसारखे केले, तिथेही हाच विचार. तुमच्या पुस्तकात पहिल्या चार पानांतच हे दोन कप्पे वेगळे दाखवा: हे आम्ही शैलीसाठी घेतलं, हे आम्ही पुराव्यासाठी घेतलं. परीक्षकांपैकी ज्याला इतिहास कळतो तो तिथेच तुमच्या बाजूचा होईल.

पुराव्याकडे वळण्याआधी काळ ठरवा. 'मराठेशाही' हा काळ नव्हे. १६७४ चा राज्याभिषेक आणि १७९० चं पुणे यांच्यात शंभरहून जास्त वर्षं आहेत, आणि त्या वर्षांत पागोटं बदललं, अंगरखा बदलला, बंदूक बदलली, तोफखान्यात युरोपीय पद्धत आली. 'एम्पायर: टोटल वॉर' (२००९) मध्ये मराठे खेळता येतात, पण तो गेम १७०० पासून पुढचं शतक धरतो, त्यातला स्वार उचलून शिवकाळात बसवता येणार नाही. एक दशक निवडा, फार तर दोन.

शिवकाळ निवडलात तर समकालीन व्यक्तिचित्रं बरीचशी परदेशात आहेत: लंडनचं ब्रिटिश म्युझियम, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधला विट्सेन चित्रसंग्रह, आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली, मनुची या इटालियन प्रवाशासाठी मीर मुहंमदने काढलेली चित्रं. घोड्यावरचे महाराज आणि सोबतची माणसं असलेलं मीर मुहंमदचं चित्र तर तुमच्यासाठी खाण आहे: जामा, कमरेचा पटका, घोड्याचा साज, बरोबर चालणाऱ्यांची शस्त्रं. मोठ्या आकारात बघा आणि बघता बघता रेखाटा. डोळ्याने पाहिलेलं विसरतं, हाताने काढलेलं राहतं. पुढची अडचण अशी की ही चित्रं राजांची आणि सरदारांची आहेत. साध्या मावळ्याची समकालीन चित्रं फार थोडी, त्यामुळे पायदळाबाबत तुम्हाला अंदाज करावाच लागेल. तो करा, आणि चित्राशेजारी 'हा आमचा अंदाज, कारण असं असं' हे स्वच्छ लिहा.

पेशवाईचा शेवट निवडलात तर एक चित्रकार तुमच्या हाताशी आहे, आणि त्याचं नाव आपल्याकडे जेवढं घेतलं जायला हवं तेवढं घेतलं जात नाही. गंगाराम तांबट. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा राजदूत चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने १७९० च्या दशकात लेणी काढली, पैलवान काढले, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. ही रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. समोर आहे ते बघून, मोजून काढणारा पुण्याचा माणूस. त्याच्या पैलवानांत जोर काढताना पाठीचा कणा कसा वळतो ते बघा. तुमच्या ॲनिमेटरला तेवढंच हवं असतं. शिवाय वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रं आहेत. कोल्हापूरहून एका दिवसात जाऊन येता येईल.

जहाजं करणार असाल तर थोडं जास्त कष्ट घ्या, कारण तिथे सगळे घसरतात आणि स्पॅनिश गॅलियनसारखं काहीतरी काढून वर भगवा लावतात. मराठा आरमाराचा कणा गुराब आणि गलबत. गुराबाचा नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग लांब आणि पुढे झुकलेला, आणि नाळेवरच्या तोफा सरळ पुढे मारा करणाऱ्या. गलबत लहान, हलकं, वल्ह्यांवरही पळणारं. वरून बघितलं तर गुराबाची ती लांब नाळ हीच त्याची ओळख, म्हणजे तुमची काळी सावली इतिहासानेच तयार करून दिली आहे. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला तेव्हाची जहाजं डॉमिनिक सेरेस या, फ्रान्समध्ये जन्मून इंग्लंडमध्ये काम केलेल्या चित्रकाराने रंगवली. ते चित्र शत्रूच्या बाजूने आणि नंतर काढलेलं आहे, हे लक्षात ठेवून वापरा. याआधीच्या काळातलं आरमार हवं असेल तर बोरिवलीला एकसरचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आहेत, दगडात कोरलेल्या जहाजांच्या रांगा आणि वल्हेकरी. महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ उभे आहेत, खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा. खालच्या पट्टीत ढाल कशी धरली आहे ते बघा. तुमच्या तालुक्यातही असतील, आणि बघायला तिकीट नाही.

शस्त्रांबाबत तुम्ही कोल्हापूरला आहात हे भाग्य समजा. कामाच्या तिसऱ्या वर्षी मी पट्टेकऱ्याचं, म्हणजे दांडपट्टा चालवणाऱ्याचं, एक पान केलं होतं. मनगट वळवून पट्टा फिरवणारा योद्धा, जोरकस पोझ, सगळ्यांना आवडला. मग मर्दानी खेळ शिकवणाऱ्या एका वस्तादांना ते दाखवलं. ते काही बोलले नाहीत, आत गेले, पट्टा आणून माझ्या हातात चढवला आणि म्हणाले, "आता वळवा बघू मनगट." वळलं नाही. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबणीत असते, मनगट तिच्यात जखडतं आणि वार खांद्यातून, कमरेतून निघतो. ते पान मी फाडलं नाही. चुकीची पोझ डावीकडे आणि बरोबर पोझ उजवीकडे असं ते आजही माझ्या पोर्टफोलिओत आहे, आणि मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न त्याच पानावर येतात. तुमच्या गल्लीजवळ तालीम असेल. परवानगी घेऊन आठवडाभर संध्याकाळी जा, विटा (दोरी बांधलेला भाला) कसा फेकून दोरीने परत ओढतात ते बघा, रेखाटा, आणि त्या रेखाटनांना पुस्तकात दोन पूर्ण पानं द्या.

आणि कोल्हापूर म्हणजे बाबूराव पेंटरांचं गाव. १९२३ च्या 'सिंहगड'साठी आणि इतर मूकपटांसाठी त्यांनी पोशाख, पात्रं, हालचाली यांची रेखाटनं आधी करायची आणि मग कॅमेरा लावायचा, ही पद्धत वापरली. कॉन्सेप्ट आर्ट हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी ते काम तुमच्या शहरात होत होतं.

आता किल्ला, कारण मराठेशाहीवरचा गेम शेवटी किल्ल्यावर येऊन ठेपतो आणि स्ट्रॅटेजी गेमची सगळ्यात अवघड गाठ इथेच आहे. रायगडाचा महादरवाजा आठवा. दोन प्रचंड बुरुज, त्यांच्यामधून वळण घेत जाणारी वाट, आणि समोर उभं राहिलं तरी न दिसणारा दरवाजा. गोमुखी रचना म्हणतात ती हीच. हत्तीला धडक द्यायला सरळ धाव मिळू नये, तोफेचा गोळा थेट फळीवर येऊ नये आणि आत शिरणाऱ्यावर दोन्हीकडून मारा करता यावा, यासाठी दरवाजा लपवलेला. थोडक्यात, न दिसणं हेच त्याचं काम. आणि गेममध्ये खेळणाऱ्याला दरवाजा दिसलाच पाहिजे, नाहीतर तो सैन्य कुठे पाठवणार?

या गाठीवर मी एका प्रकल्पात पाच आठवडे घालवले. पहिला उपाय सगळे करतात तोच केला, दरवाजा सरळ समोर आणला. तो किल्ला युरोपातला दिसायला लागला. दुसऱ्या प्रयत्नात एक बुरुज बुटका केला, तर आतला दरवाजा दिसला पण बुरुजांचा दरारा गेला. शेवटी जमलं ते असं: बुरुज दोन्ही पूर्ण उंचीचे ठेवले आणि मधल्या वाटेची फरसबंदी आजूबाजूच्या दगडापेक्षा फिकट केली. वरच्या कॅमेऱ्यातून त्या वळणाचा फिकट पट्टा नदीसारखा चमकतो आणि डोळा आपोआप आत शिरतो. दरवाज्याच्या माथ्यावर नगारखाना चढवला, म्हणजे दरवाजा झाकलेला असला तरी त्याची जागा लांबून कळते. जमिनीवरच्या शत्रूला न दिसणारा दरवाजा वरच्या खेळाडूला दिसू लागला. इतिहास राहिला, खेळही राहिला. या पाच आठवड्यांतली तेवीस रेखाटनं होती. त्या गेमच्या आर्टबुकात मात्र शेवटचं रंगीत चित्र तेवढं छापलं गेलं, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने दिलेल्या टिपा जागा नाही म्हणून काढून टाकल्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं. ती बावीस चित्रं आणि त्या टिपा हाच तर त्या पुस्तकाचा जीव होता.

असे प्रश्न आपल्या किल्ल्यांत पावलोपावली आहेत. गेममध्ये तटबंदी सपाट जमिनीवर चौकोनी घरांत बसते. इथे कडाच तट असतो आणि बांधलेली भिंत फक्त जिथे कडा तुटतो तिथे येते. राजगडाच्या संजीवनी माचीला दुहेरी तट आणि चिलखती बुरुज आहेत. बाहेरचा पडला तरी आतला लढतो. ही गोष्ट चित्रात दाखवायची असेल तर इमारतीची पडझड तीन टप्प्यांत काढा: अखंड, बाहेरचा तट ढासळलेला, दोन्ही ढासळलेले. जंग्या (मारा करायची तटातली भोकं) कुठे, चर्या (तटाच्या माथ्यावरचे दात) किती, देवडीत पहारेकरी किती बसतील, दिंडी दरवाजा (मोठ्या दारातलं छोटं दार) केवढा, हे सगळं आपल्या शब्दांत पानावर लिहा. शब्द माहीत असला की वस्तू नीट काढली जाते, हा माझा अनुभव आहे.

रंगाचा एक पेच तुमच्या ध्यानात आला नसेल. स्ट्रॅटेजी गेममध्ये प्रत्येक खेळाडूला एक रंग असतो. 'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये असे आठ आहेत. मराठ्यांकडून खेळणाऱ्याला निळा मिळाला तर भगव्याचं काय? सगळं सैन्य भगवं रंगवलंत तर दोन मराठे खेळाडू समोरासमोर आले की कोण कुणाचा ते कळणार नाही. मी अंगरखा पांढरा आणि मातकट ठेवते आणि खेळाडूचा रंग शेल्यावर, घोड्याच्या झुलीवर आणि ढालीच्या कडेला देते, म्हणजे वरून दिसणाऱ्या आडव्या पृष्ठभागांवर. भगवा ध्वज मुख्य वाड्यावर आणि बालेकिल्ल्यावर कायम, तो कुठल्याही खेळाडूच्या रंगात बदलत नाही. तुमचं उत्तर वेगळं असू शकेल, पण एकच स्वार आठ रंगांत काढलेलं एक पान हवंच.

शत्रूपक्षाबद्दल मनापासून सांगते. विद्यार्थ्यांच्या कामात मराठ्यांची दहा पानं असतात आणि मोगल, आदिलशाही, सिद्दी यांची मिळून दीड, त्यातही सगळ्यांचे चेहरे दुष्ट. खेळणाऱ्यांपैकी काही जण त्याच बाजूने खेळणार आहेत. जंजिऱ्याच्या सिद्दींचं आरमार, विजापूरची वास्तुकला यांना तेवढाच अभ्यास द्या. 'एज ऑफ एम्पायर्स ३' ची नवी आवृत्ती २०२० मध्ये आली तेव्हा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं चित्रण त्यांच्या प्रतिनिधींशी बोलून बदललं गेलं: 'इरोक्वाइ'चं 'हौडेनोसौनी' झालं, 'सू'चं 'लकोटा' झालं, आणि त्यांच्या जगण्याशी न जुळणाऱ्या खाणींसारख्या इमारती काढून बाजाराची जागा आणली. ज्यांचं चित्र काढतो त्यांना विचारलं की चित्र सुधारतं.

तसंच रयतेचं. लढणाऱ्यांइतकेच स्ट्रॅटेजी गेममध्ये कष्ट करणारे असतात. पहिल्या 'एज ऑफ एम्पायर्स' मध्ये गावकरी सगळे पुरुष होते. दुसऱ्या भागात बायका आल्या आणि गाव खरं वाटायला लागलं. आपल्याकडे तर बारा बलुतेदारांची आयती मांडणी आहे: लोहाराचा भाता, सुताराचं अंगण, कुंभाराची भट्टी, चांभाराकडचं ओलं चामडं. प्रत्येक बलुतं म्हणजे एक इमारत, एक आवाज, एक हालचाल. 'सिव्हिलायझेशन ६' ने भारतासाठी पायऱ्यांची विहीर घेतली. महाराष्ट्रात शेकडो बारवा आहेत, एखादी मोजमापासकट काढा. मला विचाराल तर हे सहा पानांचं प्रकरण तुमच्या सगळ्या युद्धचित्रांपेक्षा जास्त लक्षात राहील.

छपाईबद्दल थोडंच. चौसष्ट पानं पुरे, आडवा आकार घ्या, पानांची संख्या सोळाच्या पटीत ठेवा आणि कडेला तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा किनार) सोडा. गोंदाने बांधलेलं पुस्तक पूर्ण उघडत नाही, म्हणून चेहरा किंवा दरवाजा दोन पानांच्या घडीत येऊ देऊ नका. पडद्यावरचा झळाळता भगवा छापताना मळकट होतो. त्यात सायन (निळसर शाई) आणि काळा शून्य ठेवून फक्त पिवळा आणि मॅजेंटा (किरमिजी शाई) यांवर तो बांधा, आणि तरी एक पान आधी छापून बघा. रात्रीच्या छाप्याची चित्रं असतील तर अंधार पडद्यावर दिसतो त्यापेक्षा बराच उजळ करा. हे न करता माझं पहिलं पुस्तक छापायला दिलं होतं. मशाली तेवढ्या दिसत होत्या, माणसं सगळी काळ्या शाईत बुडाली होती.

तुमची सहा चित्रं टाकू नका. त्यातलं सर्वांत चांगलं एक ठेवा आणि ते शेवटून दुसऱ्या पानावर लावा, म्हणजे तिथपर्यंत आलेल्या वाचकाला त्यातला प्रत्येक शेला, प्रत्येक खोगीर, प्रत्येक बुरुज ओळखीचा असेल. बाकी पाचांच्या जागी कामाची पानं येतील. सुरुवात दरवाज्यापासून करा. पन्हाळ्याचा तीन दरवाजा तुमच्यापासून तासाभरावर आहे. वही, मोजपट्टी आणि पाण्याची बाटली घेऊन रविवारी सकाळी लवकर जा, गर्दी व्हायच्या आत.